कात्री कुठे लागली

नववीच्या वर्गात समाजशास्त्राचा तास म्हटला की पोरं आधीच पडदे ओढून तयार बसायची. इतर तासांना ज्यांचं डोकं बाकावर असायचं, त्यांचीही मान या तासाला ताठ. यात बाईंच्या शिकवण्याचा वाटा किती आणि अंधाराचा किती, असं मुख्याध्यापकांनी एकदा खवचटपणे विचारलंही होतं. बाई म्हणाल्या, "सर, अंधारात का होईना, शिकतायत ना?" त्यावर मुख्याध्यापकांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

बाईंची पद्धत अशी. जगातल्या कुठल्यातरी माणसांचा छोटासा व्हिडिओ दाखवायचा. कधी बर्फात घरं बांधणारे लोक, कधी एका नदीवरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणारी दोन गावं, कधी मधोमध भिंत घातलेलं शहर. पहिल्यांदा आवाज बंद ठेवून, कारण 'कानाला कुणीही फसवतं, आधी डोळ्यांनी बघा' हे बाईंचं ठाम मत. मग आवाजासकट. आणि शेवटी घरचा अभ्यास, ज्याची पोरं खरी वाट बघायची. मूळचा पूर्ण व्हिडिओ शोधून काढायचा आणि दुसऱ्या दिवशी सांगायचं, कात्री कुठे लागली? काय कापलं, कुणी कापलं, का कापलं?

"गोष्ट सांगणारा प्रत्येक जण काहीतरी कापतोच," बाई म्हणायच्या. "मीही कापते. पकडा मला. पकडलंत तर मी खरं उत्तर देणार, शब्द आहे माझा."

बाईंना पकडायला मिळतंय म्हटल्यावर पोरं कशाला मागे राहतात! आजवरची उत्तरं सोपी होती. तास पुरला नसता. रक्त फार होतं. एकदा तर बाईंनी सरळ सांगितलं, "तो माणूस फार बोलत होता, मला कंटाळा आला." वर्ग खूश झाला होता. त्या शब्दावर बाईंची वर्गातली सगळी पत होती, आणि बाईंना तिचा अभिमान होता.

त्यांची आणखी एक लकब होती. नकाशावर, पडद्यावर काही दाखवायचं तर त्या कधी बोट करायच्या नाहीत. अख्खा तळहात उघडा, किंचित वर उचललेला, जणू पाहुण्याला 'या, बसा' म्हणतायत. ही त्यांच्या वडिलांची शिकवण. कुणाकडे बोट दाखवू नये, पूर्ण हात करावा. मधल्या सुट्टीत पोरं एकमेकांना डब्यातला घास देतानाही तसाच हात करून खिदळायची.

वडील बाईंजवळच राहायचे. हयातभर लोकांच्या लग्नांचं शूटिंग करून म्हातारे झालेले. आता डोळे अधू झाले तरी कॉम्प्युटरवर हात असा चालायचा की बघत राहावं. बाई व्हिडिओ निवडून द्यायच्या, आणि तो तासात बसेल असा कापून जोडून द्यायचं काम बाबांचं. पूर्वी बाई कापलेला तुकडा मूळ व्हिडिओशी ताडून बघायच्या. पण वह्या तपासायच्या, स्वयंपाक करायचा, त्यात बापाचं काम तपासायला बसायचं म्हणजे अतीच झालं. हल्ली त्यांनी ते सोडून दिलं होतं.

या वेळचा व्हिडिओ बाईंनी मोठ्या हौसेने निवडला होता. त्यांच्या जन्मगावातल्या दंगलीचा. कुणा परदेशी वार्ताहराने समोरच्या गच्चीतून टिपलेला. बाई तेव्हा तान्ह्या होत्या. गावातल्या एका जमातीच्या लोकांनी दुसऱ्या जमातीची घरं पेटवली, त्यात बाबांचं दोऱ्याच्या रिळांचं दुकान जळालं, आणि बाबा-आई एक पोर आणि एक पिशवी घेऊन या परक्या देशात आले. ही गोष्ट बाबांनी इतक्यांदा सांगितली होती की जळक्या दोऱ्याचा वासही बाईंना ओळखीचा वाटायचा. आई मात्र ती सुरू झाली की उठून जायची. बिचारीला सहन होत नाही, असं बाईंना वाटायचं. आई गेली त्यालाही आता बराच काळ लोटला. ही गोष्ट बाई दर वर्षी वर्गाला सांगायच्या. "मीसुद्धा जळलेल्या घरातून आलेय," म्हणताना त्यांचा आवाज भरून यायचा.

"कशाला उकरून काढतेस?" व्हिडिओ हातात दिल्यावर बाबा म्हणाले होते.

"तुमचं दुकान दिसतंय त्यात, बाबा. सुरुवातीलाच. मी तेवढंच बघितलं, पुढे बघवेना."

दुसऱ्या दिवशी बाबांनी तुकडा कापून हातात ठेवला. वर्गाने तो बघितला, हळहळला, आणि घरचा अभ्यास घेऊन घरी गेला.

आज त्याचा निकाल होता. हात वर करण्यात पहिली नेहमीचीच. तिला सगळे 'शंका' म्हणायचे, कारण तिला उत्तर मिळालं तरी त्यातून दोन नवीन शंका निघायच्या. ती पेन ड्राइव्ह घेऊन पुढे आली.

"बाई, यावेळी तुम्ही पक्क्या सापडलात," ती म्हणाली. "आधी आवाज बंद ठेवून दाखवते."

पडद्यावर तीच गल्ली आली. तेच दुकान, दर्शनी काचेमागे रंगीत रिळांच्या रांगा. गर्दी दगड मारते, काच फुटते. इथपर्यंत वर्गाने बघितलंच होतं. मग नवीन तुकडा सुरू झाला. गर्दीतले दोघे-तिघे इकडेतिकडे बघतायत. दुकानाला टाळं आहे, आत कुणी नाही. तेवढ्यात कडेने पांढऱ्या सदऱ्यातला एक तरुण पुढे येतो. एक जण त्याला काहीतरी विचारतो. तरुण वळतो, हात उचलतो, आणि शेजारच्या बोळातल्या दाराकडे अख्खा तळहात उघडून, किंचित वर धरून दाखवतो.

"बाई, तुमच्यासारखाच!" मागून कुणीतरी ओरडलं.

"या, बसा!" दुसरा म्हणाला, आणि अख्खा वर्ग हसला. वाईट मनाने नाही, पोरंच ती. बाईही सवयीने हसायला गेल्या, आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

तो चेहरा त्यांनी रोज बघितला होता. आई-बाबांच्या लग्नाच्या फोटोत, दिवाणखान्याच्या भिंतीवर. तोच भांग, तेच कान, तीच एका बाजूला झुकलेली मान.

पडद्यावर गर्दी बोळात घुसली. वरच्या मजल्याची खिडकी फुटली. कुणीतरी रिळांची खोकी खाली भिरकावली आणि रस्ताभर रंगीत दोरे उलगडत गेले. एका म्हाताऱ्याला दारातून ओढून आणलं. पांढऱ्या सदऱ्यातला तरुण तेव्हाही तिथेच उभा होता, भिंतीला पाठ लावून.

"बंद कर," बाई म्हणाल्या. पायाखालची जमीन सरकते म्हणजे काय, हे त्या इतकी वर्षं नुसतं बोलत आल्या होत्या. आता त्यांनी टेबल धरलं.

"पण बाई, ऐका ना," शंका कामात रंगली होती. "आधीचे दगड ठेवलेत, पुढची आग ठेवलीय. मधला एवढाच तुकडा गेलाय, हा हात करणारा माणूस. याच्यात रक्त नाही, लांबही नाही. मग कात्री इथेच का लागली? आणि कुणी लावली?"

वर्ग उत्सुकतेने बाईंकडे बघत होता.

"उद्या सांगते," त्या कशाबशा म्हणाल्या. बाईंनी उत्तर उद्यावर ढकलल्याचं नववीने पहिल्यांदाच बघितलं.

घरी बाबा खिडकीशी बसून मटार सोलत होते. बाईंनी चपला काढल्या नाहीत, पर्स ठेवली नाही. तशाच समोर जाऊन उभ्या राहिल्या. बाबांनी वर बघितलं आणि त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"पूर्ण बघितलास," ते म्हणाले. प्रश्न नव्हताच तो.

"वर्गासमोर. पोरांनी आणला. मीच शिकवलंय ना त्यांना शोधायला! आपलेच दात आणि आपलेच ओठ."

"मी कुणाच्या अंगाला हात नाही लावला, पोरी."

"लावायची गरजच नव्हती. ते दुकान आपलं होतं ना, बाबा? तेवढं तरी सांगा."

बाबांनी शेंगा बाजूला सारल्या. म्हणाले, "मी तिथे कामाला होतो. दारातून ओढले ते मालक, भला माणूस. तू झालीस तेव्हा तुझी पहिली झबली शिवायला दोरा त्यांनीच दिला. एक पैसा घेतला नाही."

म्हणजे इतकी वर्षं बाई वर्गात ज्या आगीचं सांगून गळा भरून आणायच्या, ती आग दुसऱ्याच्या घरची होती. ते दुःखही बाबांनी त्या म्हाताऱ्याच्या घरातूनच उचललं होतं. बाईंना स्वतःच्या भरून येणाऱ्या आवाजाची किळस आली.

"मग असं कसं केलंत?"

"त्यांनी विचारलं, या दुकानवाल्याचं घर कुठलं. मी घाबरलो. नाही सांगितलं असतं तर मला तिथेच फाडलं असतं."

"घाबरलेला माणूस असा हात करतो? पाहुण्याला वाट दाखवल्यासारखा?"

"सवय," बाबा पुटपुटले. "मालकांनीच लावलेली. गिऱ्हाइकाला माल दाखवताना बोट नाही करायचं, अख्खा हात करायचा. आपोआप झाला गं तसा."

बाईंनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. ती लकब त्यांच्याकडे कुठून आली होती ते आता कळलं, आणि हात कुठे ठेवावा तेच सुचेना.

"आईला माहीत होतं?"

"म्हणून तर ती उठून जायची."

"आणि आपण पळून आलो ते?"

"कुणी मारेल या भीतीने नाही. तो गोरा गच्चीवरून शूटिंग करत होता, मला दिसला होता. कधीतरी कुणीतरी बघेल, एवढीच भीती." बाबांचे डोळे पाण्याने भरले होते. "मग मीच कॅमेरा घेतला हातात. म्हटलं, कापायची कात्री तरी आपल्याकडे असावी."

या माणसाने बाईंचं बोट धरून त्यांना चालायला शिकवलं होतं. तापात रात्र रात्र उशाशी बसला होता. तो माणूस आणि भिंतीला पाठ लावून उभा असलेला तो तरुण, दोघं एकच आहेत हे डोक्यात शिरत होतं आणि पुन्हा बाहेर पडत होतं.

"उद्या काय सांगशील?" बाबांनी विचारलं. मग लहान मुलाने गयावया करावी तसं म्हणाले, "सांग ना, तास पुरत नव्हता. तू नेहमी सांगतेस तेच. पोरं ऐकतात तुझं. माझे किती दिवस राहिलेत आता?"

बाई आत गेल्या. रात्री दोघंही जेवले नाहीत. मटार तसेच पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी पडदे ओढलेले होते. बाईंनी स्वतः व्हिडिओ लावला आणि पांढऱ्या सदऱ्याचा हात वर गेला तिथे थांबवला. तास पुरत नव्हता. तीन शब्द. ते जिभेवर तयार होते. पोरांनी विश्वास ठेवला असता, बाबा सुखाने मेले असते, आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. तो म्हातारा तर केव्हाच गेला होता.

"काल शंकेने विचारलं, कात्री कुणी लावली," बाई म्हणाल्या आणि दाखवायला हात उचलला. तळहात आपसूक उघडला, किंचित वर झाला. मागच्या बाकावर कुणीतरी हसू दाबलं. पडद्यावरचा हात आणि पडद्यासमोरचा हात एकाच रेषेत होते. बाईंना ते दिसलं.

त्यांनी हात मिटला. मग त्या मुठीतून एकच बोट बाहेर काढलं, आयुष्यात पहिल्यांदा, आणि त्या तरुणाच्या छातीवर टेकवलं.

"याने लावली. हे माझे वडील. आणि ते दुकान आमचं नव्हतं."

शंकेचा हात नेहमीप्रमाणे अर्धा वर गेला होता. तो तिने हळूच खाली घेतला.