निकानोरवर एकही कडवं नाही

"जखम सुंदर भरलीय, पंप नीट चालतोय," डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले. "समाधानी ना, सेन्योर निकानोर?"

निकानोर विजार वर ओढत होता. "चालतोय. पण डॉक्टर, आखूड झालंय."

"असं बहुतेकांना वाटतं."

"वाटत नाही. एकसष्ट वर्षांची ओळख आहे आमची."

डॉक्टर हसले. "होतं थोडं. प्रोस्टेट काढली तेव्हाच निम्मं आटलं होतं."

"मग पंप बसवण्याआधी का नाही बोललात?"

"बोललो असतो तर तुम्ही घाबरला असता."

"घाबरायचं की नाही, ते आम्ही ठरवलं असतं," कोपऱ्यातून त्याची बायको एल्विरा म्हणाली. पण डॉक्टरांनी दार उघडून पुढच्याला आत घेतलंही होतं.

बारांकिया शहराच्या उन्हात बसची वाट बघताना एल्विरानं नवऱ्याचा हात धरला. "मला काही उणं नाही रे."

खोटं नव्हतं ते. कॅन्सर गेला, पण त्यानंतरचं वर्ष दोघं दोन भिंतींकडे तोंड करून निजली होती. आता कातडीखालचा तो इवलासा फुगा दाबला की अंग उभं राहायचं, वाकवलं की निजायचं. टोक मात्र गारच राहायचं, पहाटेच्या दगडासारखं. एल्विरा त्यावर ओंजळ धरायची.

"तुला उणं नाही, मलाही चालतंय," निकानोर म्हणाला. "पण सांगायचं होतं त्यानं! मी काय पाळण्यातलं पोर आहे?"

तो राग घेऊनच तो संध्याकाळी आर्नुल्फोच्या अंगणात गेला. आर्नुल्फो त्याच्या लेकीचा बाप्तिस्म्याचा धर्मपिता आणि निकानोर ज्यात गायचा त्या लेतानिया म्हणणाऱ्या टोळीचा म्होरक्या. कार्निव्हलला ही माणसं काळे झगे घालून कोपऱ्याकोपऱ्यावर उभी राहतात, चर्चमधल्या प्रार्थनेच्या चालीत गल्लीची लाज काढतात. एकानं कडवं म्हणायचं, बाकीच्यांनी नाकात गात जोड द्यायची. वर्षभरात ज्याची फजिती झाली त्याचं कडवं होतंच. कडवं नसलेला माणूस एक तर परगावचा, नाही तर पुरलेला.

तालीम संपली. पाववाल्याचा केसांचा टोप झाला, पाद्र्याची मोटारसायकल झाली, आर्नुल्फोच्या सासूचा नवा प्रियकरही झाला.

"आणि मी?" निकानोरनं विचारलं.

आर्नुल्फो कागद गोळा करू लागला.

"दवाखान्यात मला तूच सोडलंस, आर्नुल्फो. म्हणजे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे."

"आजारपण आहे ते, निको. आजारपणावर नाही हसत आपण."

"गेल्या साली तुझ्या मूळव्याधीवर तीन कडवी केली ती? रडत होतास का तेव्हा?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

ढोलकीवाल्यानं उगीच वादी आवळली. निकानोरला कळलं. त्यांच्या लेखी तो मागेच पुरला गेला होता, आणि मेलेल्याबद्दल बोलावं तसं ते त्याच्याबद्दल हळू आवाजात बोलत होते.

"डॉक्टरला वाटलं मी घाबरेन, तुम्हाला वाटतं मी रडेन! मी कसा आहे हे मला विचारायला तुमची जीभ झडली का रे?" झगा खांद्यावर टाकून तो निघून गेला.

कार्निव्हलच्या शनिवारी तो आलाच. कुणी अडवलं नाही. पाद्र्याच्या मोटारसायकलीवर लोक पोट धरधरून हसले, आणि आर्नुल्फो पुढचं पान काढायच्या आत निकानोर पुढे झाला. चाल लांबवून, नाकातून, त्यानं म्हटलं:

"डॉक्टरबाबा मुक्या तोंडाचा, धनी साऱ्या सुखाचा,
फुगा दिला कामाचा, हिशेब नाही लांबीचा!"

म्हाताऱ्या बायकांनी पंखे थांबवले. आता जोड द्यायची होती टोळीनं, आणि टोळी काळ्या खांबांसारखी उभी. निकानोरनं तेच कडवं पुन्हा म्हटलं, जास्त मोठ्यानं, जास्त रागानं, थेट आर्नुल्फोच्या डोळ्यांत बघून.

मग आर्नुल्फोनं छाती भरून घेतली.

"दाबता दाबता दमली एल्विराबाई,
हवा भरायला आता पंक्चरवाला बोलवा की हो बाई!"

गल्ली फुटली. एल्विरानं पायातली चप्पल काढून आर्नुल्फोवर भिरकावली आणि हसता हसता खालीच बसली.

"गाढवा!" निकानोर ओरडला, डोळ्यांतून पाणी वाहत असताना. "दुसरी ओळ केवढी लांब झाली! माझ्यावरचं कडवं आहे, नीट कर! चल, पहिल्यापासून!"