भिंतीमागची माती

मित्रांनो, मी एक जुना ओळंबा आहे. नाव ऐकून गोंधळू नका. गवंड्याच्या पिशवीत थापी आणि सुतळीच्या शेजारी पितळेचा एक जड गोळा असतो, खाली निमुळता, भोवऱ्यासारखा. तो मी. माझ्या डोक्यातून दोरी ओवलेली असते आणि दोरीवर माझ्याच जाडीचा एक लाकडी ठोकळा. ठोकळा भिंतीला वर टेकवायचा आणि मला खाली सोडायचं. मी भिंतीला जेमतेम शिवलो तर भिंत सरळ. मध्ये फट राहिली तर ती पुढे झुकलेली. मी भिंतीच्या अंगावर पडलो तर ती मागे कललेली. एवढंच माझं काम आहे. पण त्यासाठी डोकं शांत लागतं, आणि माझ्याइतकं शांत डोकं या जगात दुसरं नाही, असं मला कित्येक वर्षं वाटत होतं.

माझा जन्म एका लेथवर झाला. लेथवाला मोठा चोखंदळ. त्यानं मला तीनदा फिरवलं, टोक दोनदा घासलं, तळहातावर तोललं आणि मगच विकलं. मला विकत घेतलं ते दोन भावांनी. दोघंही गवंडी. मोठ्याला सगळे मिस्त्री म्हणत आणि धाकट्याला धाकटाच म्हणत, तो तिशीला आला तरी.

दोघांची कामाची रीत ठरलेली होती. मिस्त्री वर उभा राहून मला खाली सोडायचा. धाकटा खाली बसून माझं झुलणं तळहातानं थांबवायचा. तो मला पकडायचा नाही, फक्त हात जवळ आणायचा. मी त्या हाताला एकदा शिवायचो आणि शांत व्हायचो. मग तो वर बघून म्हणायचा, "थांबला, दादा." या दोन शब्दांवर आम्ही किती घरं उभी केली याची गणती नाही. लोक मिस्त्रीला म्हणायचे, "तुमच्या भिंतीवर चित्र लावायला पट्टी लागत नाही हो." मिस्त्री मला रुमालानं पुसत म्हणायचा, "याची कृपा." आणि मी फुगून जायचो.

खरं सांगतो, त्या दिवसांत मी फारच ताठ झालो होतो. वाकडी चौकट दिसली की माझ्या कपाळाला आठ्या. कलती शिडी, तिरकं टांगलेलं कॅलेंडर, पोक काढून चालणारा पोस्टमन, मला कोणीच खपत नसे.

मग शाळेच्या भिंतीचं काम आलं. शाळा उतारावर होती. मुलांच्या मैदानाची माती घसरू नये म्हणून खालच्या अंगाला भिंत घालायची होती. मिस्त्रीला मध्येच दोन दिवस दुसऱ्या कामावर जावं लागलं. तो परत आला तेव्हा धाकट्यानं छातीएवढी भिंत चढवली होती. मिस्त्रीनं एका डोळ्यानं पाहिलं आणि मला बाहेर काढलं. मी खाली सुटलो आणि भिंतीच्या पोटावर जाऊन पडलो. भिंत मातीकडे कललेली होती, चांगली तीन बोटं.

सगळे मजूर बघत होते. हेडमास्तरही आले होते.

"ही भिंत आहे की दारुडा?" मिस्त्री म्हणाला.

"दादा, मागे माती आहे," धाकटा हळूच म्हणाला. "ओली झाली की ती ढकलणार. भिंतीनं तिच्याकडे थोडं रेलून उभं राहायला हवं."

"मला शिकवतोस? मग हा ओळंबा काय खोटं बोलतो?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तसाच चमकत होतो. मला त्या क्षणी कोण आनंद झाला होता! भिंत त्याच दुपारी पाडली. धाकट्यानं थापी धुतली, पुसली, पिशवीत ठेवली आणि तो निघून गेला. पुढच्या महिन्यात गावही सोडलं त्यानं. अकरा वर्षं दोघा भावांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

मिस्त्रीनं नवी भिंत घातली, अगदी सरळ. मी तिला जेमतेम शिवत होतो. तिसऱ्या वर्षी खूप पाऊस झाला आणि त्या भिंतीचं पोट पुढे आलं. सुटीच्या दिवशी मिस्त्री एकटाच तिथे गेला. त्यानं वरून मला सोडलं. खाली धरायला कोणी नव्हतं, म्हणून मी बराच वेळ झुलत राहिलो. कुठे भिंत मला भलतीकडे ढकलत होती, कुठे तिच्यापासून चार बोटांची फट राहत होती. मिस्त्री ते बघत बसला. हेडमास्तरांना त्यानं सांगितलं की सिमेंट खराब आलं होतं. मग स्वतःच्या खर्चानं भिंतीला बाहेरून दोन जाडजूड धिरे बांधले, म्हणजे तिला टेकू दिला. भिंत सावरली. मला मात्र त्यानं घरी आणून दाराजवळच्या खिळ्यावर टांगलं आणि पुन्हा हात लावला नाही. कामाला त्यानं काचेच्या नळीत बुडबुडा असलेली नवी लेव्हल घेतली. मला वाटलं, नव्याची हौस आहे, दुसरं काय. माझ्या अंगावर हिरवट डाग चढले. दोरीचा एक पदर उंदरानं खाल्ला.

खिळ्यावरून मला घरातली एकच खोली दिसायची. तिथे मिस्त्रीची बायको शिवणयंत्रावर शाळेचे गणवेश शिवायची. तिच्या समोरच्या भिंतीवर एका जुन्या कॅलेंडरचं चित्र चिकटवलेलं होतं. डोंगरावर पायऱ्यापायऱ्यांनी वसवलेलं एक प्राचीन नगर, आणि त्याचा मोठा दगडी दरवाजा. लग्न झाल्यापासून तिला तो दरवाजा बघायचा होता. दरवर्षी मिस्त्री म्हणायचा, "यंदा काम आहे, पुढच्या वर्षी बघू." यंदा तिचे गुडघे कुरकुरू लागले आणि तिनं ठरवलं, आता पुढचं वर्ष नाही.

सहल कशी आखतात ते मी तिच्याकडून शिकलो. कपडे बेतायचा तपकिरी कागद तिनं जमिनीवर पसरला आणि खडूनं रेघा मारल्या. "कापड तेवढंच आहे," ती स्वतःशीच पुटपुटली, "त्यातच बसवायचं." गर्दीचा हंगाम सोडून नंतरचा आठवडा घेतला. रविवार टाळून मंगळवार धरला, कारण सोमवारी तिथलं दार बंद असतं हे तिनं तीन जणांना विचारून घेतलं होतं. जलद गाडीऐवजी साधी गाडी. जेवणाचा डबा घरून. कागदावर सगळं बसलं, पण राहण्याची सोय काही केल्या बसेना. दोन रात्रींचं भाडं सगळा कागद खाऊन टाकत होतं.

तिनं खडू खाली ठेवला. "अहो, तिथे भाऊजी आहेत."

धाकटा त्याच डोंगराच्या पायथ्याशी राहत होता. त्या नगराच्या पडझड झालेल्या भिंती दुरुस्त करणाऱ्या टोळीत त्याला काम मिळालं होतं. त्याच्या घरी राहायची सोय झाली असती, आणि कामगारांच्या नातलगांना आत जायला तिकीटही पडत नव्हतं.

"त्याच्या दारात मी जाणार नाही," मिस्त्री म्हणाला. "दुसरं काय वाटेल ते सांग."

"दुसरं सगळं मांडून बघितलं. हा कागदच बघा ना. एवढी एकच बाही लावायची राहिलीय, आणि ती तुम्ही लावू देत नाही."

"मग तू एकटी जा."

"एकटीच जायचं असतं तर वीस वर्षं थांबले असते का मी?"

मिस्त्री उठला. चपला घालून बाहेर गेला आणि बऱ्याच वेळानं परत आला. कागद अजून जमिनीवर तसाच होता. त्याला ओलांडून जाता येईना. "किती वाजताची गाडी?" त्यानं विचारलं.

तिनं फोन लावला. पलीकडून धाकट्याचा आवाज मला ऐकू आला नाही, पण निघायच्या दिवशी ती माझ्याजवळ आली, मला खिळ्यावरून काढलं, टॉवेलात गुंडाळलं आणि पिशवीच्या तळाशी ठेवलं. मिस्त्रीला तिनं हे सांगितलं नाही. मी वाटभर घाबरलो होतो. ज्या घरी आम्ही निघालो होतो, त्या घराचा मी गुन्हेगार होतो, आणि हे मला तोवर कधी जाणवलंच नव्हतं.

धाकट्याची एकच खोली होती, पण नीटनेटकी. दोघं भाऊ समोरासमोर बसले.

"प्रवास बरा झाला?"

"झाला."

"गाडी वेळेवर होती?"

"होती."

रात्रीची जेवणं या एवढ्या संभाषणावर उरकली.

सकाळी आम्ही पायऱ्या चढलो. मिस्त्रीच्या बायकोनं, आमच्या बाईंनी, दर वीस पायऱ्यांवर थांबून दम घेतला, पण खाली बसल्या नाहीत. आणि मग तो दरवाजा समोर आला. टॉवेलाच्या फटीतून मीही पाहिला. बाईंनी मान वर करून तो खालपासून वरपर्यंत पाहिला. मग म्हणाल्या, "चित्रात हे झाड नव्हतं." आणि डोळे पुसले. इतकं आनंदी माणूस मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

दरवाजाच्या आत दगडांच्या भिंतींनी डोंगर अडवून धरला होता. एकावर एक अशा सात भिंती, प्रत्येक भिंतीच्या माथ्यावर सपाट अंगण. दोन दगडांमध्ये चुना नाही, काही नाही. बाई एका अंगणाच्या कडेला बसल्या आणि त्यांनी मला पिशवीतून बाहेर काढलं.

"मला माझं बघायला मिळालं," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही दोघं तुमचं बघा."

मिस्त्रीचा चेहरा उतरला. "हा कशाला आणलास?"

"मीच आणायला सांगितलं होतं, दादा," धाकटा म्हणाला. एवढं बोलून तो बाजूच्या पायऱ्यांनी खाली उतरला आणि भिंतीच्या पायथ्याशी उकिडवा बसला, पूर्वी बसायचा तसाच.

मिस्त्री कडेला गुडघे टेकून वाकला. ठोकळा भिंतीला लावला आणि दोरी सोडली. मी खाली निघालो, आणि लगेच दगडांवर पडलो. पुन्हा सोडलं, पुन्हा पडलो. मला तिथे लटकताच येईना. भिंत डोंगराकडे कललेली होती, खालपर्यंत, चांगली दोन हात. धाकट्याचा तळहात माझ्याजवळ आला. खरखरीत झाला होता, पण मी ओळखला.

"टेकला, दादा," तो म्हणाला.

वर मिस्त्रीनं दोरी ओढून घेतली. मग तो म्हणाला, "दुसरी भिंत बघू." आम्ही दुसरी बघितली, तिसरी बघितली. सातही भिंती तशाच होत्या.

"किती वर्षांच्या आहेत?"

"नक्की कोणाला ठाऊक नाही. हजाराच्या वर."

मिस्त्री खाली उतरून आला. भिंतीवर हात ठेवून उभा राहिला. "शाळेची भिंत तिसऱ्या वर्षी फुगली," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"कोणी सांगितलं?"

"मी बघून गेलो होतो एकदा. धिरे चांगले बांधलेस, दादा."

मिस्त्री खाली बघत म्हणाला, "सिमेंट चांगलं होतं रे. मी खोटं सांगितलं."

पलीकडे धाकट्याच्या टोळीतले सहा-सात जण चहा पीत बसले होते. मिस्त्री सरळ त्यांच्याकडे चालत गेला. धाकटा मागून "दादा, असू दे" म्हणत होता, पण तो थांबला नाही. तो त्या अनोळखी माणसांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मी याचा मोठा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी यानं घातलेली भिंत मी चार माणसांत पाडली. भिंत बरोबर होती. चूक माझी होती. ते चार माणसांतच सांगायला हवं होतं, म्हणून सांगतोय."

लोक कप हातात धरून बघत राहिले. मग त्यांच्यातला एक म्हातारा सरकला आणि म्हणाला, "बसा. चहा घ्या." धाकट्यानं दादासाठी कप विसळून आणला.

निघताना मिस्त्रीनं मला परत नेलं नाही. धाकट्याकडे दिलं. आता मी त्याच्या खोलीत राहतो. त्यानं चिंचेनं घासून माझे डाग काढले, दोरी नवी घातली. बाई तो तपकिरी कागद सोबत आणून इथेच विसरल्या होत्या. धाकट्यानं तो घडी करून फळीवर ठेवलाय, कारण पुढच्या वर्षी तोच वापरायचा आहे. मंगळवार, साधी गाडी, डबा घरून, आणि राहायची सोय पक्की.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादा जुना ओळंबा पडलेला असेल तर त्याला कोरडा ठेवा, त्याची दोरी कुजू देऊ नका. मी आयुष्यात खोटं कधीच बोललो नाही, तरी माझ्यामुळे दोन भाऊ अकरा वर्षं दुरावले. म्हणून एवढीच विनंती आहे. भांडणात कधी मला साक्षीला बोलावलंत, तर त्याआधी भिंतीच्या मागे काय आहे ते एकदा जाऊन बघून या. मला तिथलं दिसत नाही.