ताज्या कापाचा मासा

"काय गं कॅप्टन, तुझ्या होडीत कॉफी मिळते, की तीपण समुद्रातूनच उपसायची?" असं म्हणत ड्वेन हॅस्किटने धक्क्यावरून माझ्या होडीत पाय टाकला आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला.

ते हसणं मी ओळखलं. नऊ वर्षांपूर्वी परवान्याच्या सुनावणीनंतर दाराबाहेर तो असाच हसला होता. मी तेव्हा भावाचा कोट मांडीवर घेऊन बाकावर बसले होते. त्याने माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं, तेव्हा आज तो मला ओळखेल ही भीती नव्हती. माझं आडनाव लग्नानंतरचं, क्रेन. भावाचं लाहती.

"थर्मासमध्ये आहे," मी म्हटलं. "आधी जॅकेट घाला."

"बघितलंस पॉला? पैसे आपले आणि हुकूम हिचा!"

पॉला त्याची मुलगी. पस्तिशीची, शाळेत शिकवणारी. बापाच्या सत्तरीनिमित्त तिनेच ही सहल भेट दिली होती: सकाळी समुद्र, दुपारी नदी, पूर्ण दिवस. तीन आठवड्यांपूर्वी बुकिंगच्या यादीत त्याचं नाव वाचलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. नवरा म्हणाला, "आयली, नाही म्हणून कळव." मी म्हटलं, "नाही कशाला? येऊ दे की. पाहुणा आहे."

आमच्या नदीचा नियम इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतो. सरकारी मत्स्यबीज केंद्रात जन्मलेल्या सॅल्मन माशाच्या पिलाचा पाठीवरचा, शेपटीजवळचा बारका पर कापतात आणि मग त्याला पाण्यात सोडतात. समुद्रात वाढून मासा परत येतो तोवर ती जागा भरून गुळगुळीत झालेली असते. अशी जागा दिसली तर मासा तुमचा. पर शाबूत असला तर मासा रानचा. त्याला जाळ्यातल्या जाळ्यात बघायचं आणि सोडून द्यायचं, होडीत घ्यायचं नाही.

माझा थोरला भाऊ अर्वो एकतीस वर्षं या नदीवर गाइड होता. नऊ वर्षांपूर्वी हॅस्किट त्याच्या होडीत होता, त्या दिवशी नदीला जोर होता. अर्वो पुढे बसून वल्ही मारत होता. मागे हॅस्किटने मासा स्वतःच जाळ्यात घेतला, खिशातल्या चाकूने पर उडवला आणि ओरडला, "कापलेला आहे!" अर्वोने विश्वास ठेवला. वर त्याची गारठलेली बोटं बघून माशाची नोंद करायचं त्याचं कार्डही स्वतः भरून दिलं. जुने गाइड सगळे असंच करायचे. पाहुण्याच्या हाताला कापरं, मग पेन्सिल गाइडने चालवायची. धक्क्यावर अधिकाऱ्याने मासा उलटून बघितला तर कापातून रक्त येत होतं. हॅस्किट काय म्हणाला असेल? "गाइडनेच कापला. कार्डावरचं अक्षर बघा ना कुणाचं आहे!" झालं. परवाना गेला तो अर्वोचा. चोर सोडून संन्याशाला फाशी.

तेव्हापासून अर्वो धक्क्यावरच्या टेबलाशी उभा राहून दुसऱ्या गाइडांच्या पाहुण्यांचे मासे साफ करून देतो. पाण्यावर पाऊल ठेवत नाही. माझ्या नव्या होडीत एकदासुद्धा बसला नाही. मला एकच हवं होतं. जे अर्वोवर शेकलं ते या माणसावर शेकावं, चारचौघांत शेकावं, आणि अर्वोने ते आपल्या डोळ्यांनी बघावं. म्हणून आदल्या दिवशी मी मासेमारी खात्याच्या रुईझबाईंना फोन करून सांगितलं होतं, "उद्या चार वाजता माझी होडी तपासा." त्या म्हणाल्या, "तुझी? का गं?" मी म्हटलं, "तपासा हो. विचारू नका."

भरती संपायच्या आत आम्ही नदीच्या मुखावरची वाळूची पट्टी ओलांडली आणि बाहेर पडलो. समुद्र तसा शांत होता. मी मात्र होडी लाटेला आडवी धरली. होडी अशी डुलायला लागली की पोटातलं सगळं जागचं हलतं. पॉलाला पुढे मधोमध बसवलं, तिथे कमी डुलतं. हॅस्किटला मागे बसवलं, इंजिनच्या धुरात.

गळाला लावायच्या हेरिंगचेही मी दोन डबे आणले होते. एकात ताजी, कडक मासळी. दुसऱ्यात दोनदा वितळून गिळगिळीत झालेली. कोणता डबा कुणाला, ते सांगायला नको. तासाभरात पॉलाने एक मासा घेतला, भरल्या जागेचा, ठेवण्यासारखा. मी जाळं लावलं, तिने टाळ्या वाजवल्या, आणि मी तिच्या हातात पेन्सिल दिली.

"आपलं कार्ड आपण भरायचं. माझ्या होडीचा नियम आहे."

"कमाल आहे," हॅस्किट कुरकुरला. "बाकीचे गाइड भरून देतात."

"देत असतील."

थोड्या वेळाने तो कठड्यावर ओणवा झाला आणि सकाळची कॉफी समुद्राला परत केली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

तोंड पुसून तो बसला, तोच पॉला म्हणाली, "बाबा, ती गोष्ट सांगा ना यांना. त्या लबाड गाइडची."

"अरे हो!" त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "ऐक कॅप्टन. याच नदीवर मी पूर्वी आलो होतो. एक म्हातारा होता, थोबाड कायम सुतकी. मी बिचारा नवखा. मी मासा पकडला, आणि या बेट्याने काय केलं, त्याचा पर कापला! मी म्हटलं, अहो, हे चालतं का? तर म्हणतो, गप बसा, असंच चालतं. मग मीच अधिकाऱ्याला सगळं खरं सांगितलं. बसला बोंबलत."

"घरी दर नाताळात सांगतात," पॉला हसून म्हणाली. "आता तर मीच वर्गात मुलांना सांगते. खरं बोलायला हिंमत लागते म्हणून."

माझा हात सुकाणूवर होता. तो मी तिथेच घट्ट ठेवला, नाहीतर भलतंच काही झालं असतं.

"नाव काय होतं त्याचं?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक! असल्यांची नावं कोण लक्षात ठेवतं?"

दुपारी भरतीबरोबर आत आलो. सँडविच खाऊन झाले. पॉलाच्या पेटीत एक मासा आणि हॅस्किटच्या पेटीत नुसता बर्फ. पोरीपुढे नाक कापलं गेल्यामुळे तो आता माझ्यावर घसरला होता. "सत्तर वर्षांचा झालो, पुन्हा येणं होतंय न होतंय. आणि तू मला रिकाम्या हाती पाठवणार?"

"छे हो," मी म्हटलं. "तुमच्यासाठी मुद्दाम एक जागा राखून ठेवलीय."

वर नदीला दोन फाटे फुटतात. केंद्र आहे दक्षिणेच्या फाट्यावर. तिथे जन्मलेले मासे अचूक तिकडेच वळतात. उत्तरेच्या फाट्यात जातात ते सगळे रानचे. पाहुण्याच्या हाती मासा द्यायचा असेल तर कोणताही गाइड दक्षिणेला जातो. मी उत्तरेला वळले. मैलभर वर एक डोह आहे, अर्वोनेच मला दाखवलेला. तिथे नांगर टाकला, गळाला गाबोळी लावली, या वेळी चांगली, आणि माझा चाकू त्याच्या उजव्या हाताशी फळीवर ठेवून दिला.

पाऊण तास काही नाही. मग त्याचा तरंगणारा बोया असा खाली गेला की काठी कमानीसारखी वाकली.

"लागला! कॅप्टन, लागला गं!"

"काठी वर धरा! ओढू नका, पळू द्या त्याला!"

मनात नव्हतं तरी तोंडातून ते निघालंच. चाळीस वर्षांची सवय. मासा डोहाच्या तळाशी गेला, वर आला, एकदा सगळाच्या सगळा हवेत उडाला. सोळा पौंडांचा तरी असेल. चांदीसारखा, पोटाकडे नुकती लाली चढत असलेला. वीस मिनिटांनी मी जाळं लावलं. पाण्यातच मला पर दिसला. नखाएवढा, गुबगुबीत, शाबूत.

इथे गाइडने एकच वाक्य बोलायचं असतं. ते मी बोलले नाही. जाळं तसंच त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, "नांगराचा दोर घसरतोय, मी बघते. तुम्ही तेवढा पर तपासा."

आणि मी पाठ फिरवली.

दोर काही घसरत नव्हता. मी तो सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा सोडला. मागे मासा होडीच्या तळावर आपटल्याचा आवाज झाला. मग पॉलाचा दबका आवाज आला, "बाबा! हे काय करताय?"

"श्श! नखाएवढा तुकडा आहे. दिवसभरात एक मासा मिळालाय मला."

"पण बाबा..."

"गप बस म्हणतो ना!" आणि मग मोठ्याने, "कॅप्टन! कापलेला आहे! आपलाच मासा!"

"नक्की?" मी पाठमोरीच विचारलं.

"शंभर टक्के! ये, बघ ना."

"तुम्ही म्हणताय ना, मग झालं. कार्ड भरा."

त्याने भरलं. ठसठशीत अक्षरात, स्वतःच्या हाताने. परतीच्या वाटेवर तो माशाला मांडीवर घेऊन बसला होता. पॉला पुढे एकटी बसली होती आणि तिने एकदाही मागे बघितलं नाही. मला तिची दया आली, नाही असं नाही. पण तेवढ्याने मी थांबणार नव्हते.

चार वाजता धक्क्यावर रुईझबाई उभ्याच होत्या. मागे पाच पावलांवर अर्वो टेबलाशी, रबरी एप्रन घालून, कुणाचा तरी मासा साफ करत होता. आणखी दोन गाइड, त्यांचे पाहुणे. हवी होती तेवढी माणसं होती.

रुईझबाईंनी मासा उलटला, अंगठा फिरवला आणि अंगठ्याकडे बघितलं. अंगठा लाल झाला होता.

"हा काप आजचा आहे," त्या म्हणाल्या. "कुणी कापला?"

हॅस्किट क्षणभरही अडखळला नाही. इतका सराईत. "हिने," माझ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला. "मी कसा कापणार? मी नवखा माणूस. ही म्हणाली, असंच चालतं."

मी तोंड उघडणार होते. त्याआधी पॉला बोलली.

"नाही, बाबा. तुम्ही कापला. मी समोर होते."

"पॉला, तुला यातलं काही कळत नाही..."

"आणि तेव्हाही तुम्हीच कापला होता ना?"

हॅस्किट माझ्याकडे वळला. मी म्हटलं, "उत्तर मला नको. त्याला द्या," आणि टेबलाकडे हात केला. "त्याचं नाव अर्वो लाहती. लक्षात ठेवा या वेळी."

हॅस्किटने वळून बघितलं. अर्वोला ओळखलं त्याने. रंगच उडाला चेहऱ्याचा. ओठ हलले, मग म्हणाला, "हे बघा... त्याला आता किती वर्षं झाली."

मिळालं! नऊ वर्षं ज्यासाठी दात खाऊन बसले होते ते मिळालं, आणि तेही सगळ्यांसमोर, त्याच्या स्वतःच्या तोंडून. रुईझबाई त्याचं कार्ड जप्त करून नोटीस लिहायला लागल्या. नोटीस मलाही मिळणार होती, माझ्या होडीत रानचा मासा होता. त्याची तयारी ठेवूनच मी निघाले होते. परवाना गेला तर गेला. मी अर्वोकडे बघितलं. त्याने हसावं, शिवी द्यावी, निदान हातातला चाकू खाली ठेवावा.

त्याने चाकू खाली ठेवला आणि पुढे आला. हॅस्किटच्या शेजारून गेला, पण थांबला नाही. माशापाशी वाकून त्याने पोटावरून अंगठा फिरवला, हळूच.

"मादी आहे," तो म्हणाला. "महिन्याभरात अंडी घातली असती."

मग त्याने माझ्याकडे बघितलं.

"उत्तरेच्या डोहातली?"

"हो," मी म्हटलं.

"जाळं कुणी लावलं, आयली?"

काय सांगणार? जाळं लावणाऱ्याला पर दिसतोच. अर्वोला त्या दिवशी जाळं लावायला मिळालंच नव्हतं, त्याने पर बघितलाच नव्हता, म्हणून तर नऊ वर्षं तो मान खाली घालून का होईना, पण या धक्क्यावर उभा राहू शकत होता.

"मी," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. रागाने नाही. राग असता तर मला चाललं असतं. तो टेबलाशी परत गेला, हातातलं काम संपवलं, त्या पाहुण्यांना मासा नीट बांधून दिला. मग पाण्याची नळी सोडून टेबल धुऊ लागला. सगळे निघून गेले, पॉला बापाच्या दहा पावलं पुढे चालत गाडीकडे गेली, रुईझबाई मासा घेऊन गेल्या. टेबल केव्हाच स्वच्छ झालं होतं. मी होडीत उभी राहून हाक मारली, "अर्वो, घरी सोडू का?"

तो टेबल धूत राहिला.