हिन्याचा फाया

साल अठ्ठ्याऐंशी. पंजाबात रोज कुठेतरी गोळीबार, कुठेतरी कर्फ्यू. चंडीगडमध्ये एकट्या बाईने राहायचं तर दारात पुरुषी बूट ठेवायचे, हे प्रतिमाला पहिल्याच आठवड्यात कळलं. नवरा, मेजर चारुदत्त, राजस्थानच्या सीमेवर; ती युनिव्हर्सिटीत शिकवायला आणि सेक्टर पंधरात वरच्या मजल्यावर राहायला. नुसत्या बुटांनी तिला धीर येईना. मग तिने त्याची हिन्याच्या अत्तराची कुपी काढली.

हे नबाबी जमान्यातलं अत्तर म्हणजे घरातला थट्टेचा विषय. जग स्प्रेच्या बाटल्यांवर आलं तरी हा गडी पणजोबांसारखा कानात फाया ठेवून हिंडायचा. जिना चढणाऱ्याला वासावरूनच कळायचं, साहेब घरात आहेत. प्रतिमाने तसाच फाया आपल्या कानात ठेवला आणि दार वाजलं की ठसक्यात सांगू लागली, "साहब अंदर हैं."

युक्ती नामी होती. जरा जास्तच नामी.

दूधवाला आतल्या खोलीकडे बघून सलाम ठोकू लागला. खालच्या घरमालकीण बीजी म्हणाल्या, "कल छत ते मेजर साब नू वेख्या. छुट्टी आए ने?" काल गच्चीवर साहेब दिसले म्हणे, सुट्टीवर आलेत का? प्रतिमाने हसून मान डोलावली. वर येऊन बघते तर पलंगावरची चादर कुणी बसल्यासारखी चुरगळलेली. आणि खरं सांगायचं तर, तिला बरं वाटलं.

रविवारी दुपारी चारुदत्तचा ट्रंक कॉल आला. आवाज विहिरीतून आल्यासारखा.

"गंमत ऐक. हल्ली मी इथे कुणाला दिसतच नाही. काल मेसमध्ये माझं ताट वाढलं नाही. शेजारी बसलो होतो गं सगळ्यांच्या." तो हसला, पण हसू मधेच विरलं.

त्याच क्षणी आतल्या खोलीत कुणीतरी खाकरलं. अगदी त्याच्यासारखं.

प्रतिमाने रिसीव्हर ठेवला. तिने फाया गॅसवर जाळला, कुपी मोरीत ओतली, कान साबणाने घासघासून धुतला. वास हटेना.

संध्याकाळी, अजून उजेड असतानाच, जिन्यात अनोळखी पावलं वाजली. दारावर थाप पडली. "कौन है घर में? बोलो!"

प्रतिमा दाराशी गेली. पाठीमागे हिना दाटून आला. तिथे कुणीतरी उभं होतं, तिच्या नेहमीच्या वाक्याची वाट बघत. ते म्हटलं की ही माणसं निघून जातील; आणि तिकडे वाळवंटात चारुदत्त उरणार नाही.

प्रतिमाने आपल्या हाताने कडी काढली.

"मैं अकेली हूँ," ती म्हणाली. "घर में और कोई नहीं है."