मांडीची सवय

"खाली ठेवा तिला, भिकुबाई."

किरण मॅडम दारातच उभ्या होत्या. आत आल्या असत्या तर बोलणं जमलं नसतं, म्हणून असेल. भिकुबाईच्या मांडीवर समायरा बाटली ओढत होती. एका हाताने बाटली, दुसऱ्या हाताने भिकुबाईच्या पदराचं टोक.

"पी राह्यनी ना ती, मॅडम."

"तेच म्हणते मी. पाळण्यात ठेवा, तिथे पिऊ द्या. एक तारखेपासून कोण घेणार आहे तिला मांडीवर? सितारा एकटी आहे. वीस दिवस आहेत हातात. सवय मोडा."

"आन् नही मोडनी तर?"

"तर उपाशी राहील," मॅडम म्हणाल्या. चष्मा काढून त्यांनी ओढणीला पुसला. तो स्वच्छच होता.

धुळ्याच्या त्या शिशुगृहात बाळं चौदा आणि दिवसाची आया एक, सितारा. रात्रीची वेगळी. तीन वर्षांपूर्वी एका ट्रस्टने चार बायका नेमून दिल्या. काम एकच, बाळांना मांडीवर घ्यायचं. दूध पाजताना घ्यायचं, तेल लावताना घ्यायचं, काहीच कारण नसताना घ्यायचं. कागदावर त्यांचं नाव 'स्नेहस्पर्श सेविका'. सितारा त्यांना मांडीवाल्या म्हणायची. भिकुबाईला हे काम सांगितलं तेव्हा तिला आधी हसूच आलं. मांडीवर घ्यायचा पगार मिळतो हे ठाऊक असतं, तर चाळीसगावकडच्या तिच्या गावातल्या सगळ्या बायका नोकरदार झाल्या असत्या.

भिकुबाईच्या आधीची तीन भावंडं गेली, म्हणून ती भिकू. तिच्या पाठचा भाऊ उखर्डू. हे काही कामाचं नाही, उकिरड्यावरचं आहे, असं मरणाला वाटावं आणि त्याने पुढच्या घरी जावं, एवढाच त्यामागचा हिशेब. नवसाची पोरं ती, पण नावं अशी. आणि इथे, ज्यांना खरोखरच कुणी तरी ठेवून गेलं, त्यांची नावं मॅडम मोबाइलमध्ये शोधून ठेवायच्या. समायरा, रेयांश, अनाहिता. भिकुबाई तिला समी म्हणायची.

"समी तर आमच्यातलं नाव झालं, अक्का," सितारा चिडवायची. "उद्या सुंता करशील एखाद्याची."

"तू आधी त्या तेजसचं ढुंगण धू. मग नावं ठेव."

समी सहा महिन्यांपूर्वी सरकारी दवाखान्यातून आली, तेव्हा पाच महिन्यांची होती. आई दवाखान्यातूनच निघून गेली. जाताना एका कागदावर सही करायची राहिली. ती सही नाही म्हणून समी दत्तक देता येत नव्हती, आणि आई सापडत नव्हती म्हणून सही होत नव्हती. भिकुबाईने एकदा विचारलं होतं, "मी नेऊ का?" मॅडमनी वय विचारलं. चोपन्न. नवरा? नाही. मॅडमनी मग पुढचं विचारलं नाही.

आली तेव्हा समी रडायची नाही. बाटलीला पंच्याचा टेकू लावून ठेवला की पिऊन संपवायची, संपली की छताकडे बघत पडायची. ओलं झालं तरी आवाज नाही. वाढदिवसाचा केक घेऊन येणारी मंडळी म्हणायची, "किती शहाणं बाळ आहे हो!"

भिकुबाईला ते शहाणपण बघवलं नाही. "पोर शहाणं ऱ्हास का कोठे?" ती सिताराला म्हणाली. "हिले कळी गयं, कोणी येत नही."

मांडीवर घेतलं तर समी लाकडासारखी ताठ व्हायची. भिकुबाई रोज घेत राहिली. कापसाचा भाव काय, उखर्डूची म्हैस कशी व्याली, समोरच्या दुकानदाराचा जावई कसा वाया गेला, सगळं तिला सांगत राहिली. बेचाळिसाव्या दिवशी तिने समीला पाळण्यात ठेवलं, पाठ फिरवली, आणि मागून रडणं आलं. मोठं, चिडकं, हक्काचं.

"रडनी! सितारा, मन्हाकरता रडनी वं!" भिकुबाई व्हरांड्यातून धावत सुटली होती. ट्रस्टचे हितेंद्र सर त्या महिन्यात आले तेव्हा त्यांनी हे अहवालात लिहिलं आणि पुढच्या खेपेला येताना पेढे आणले. पोर रडलं म्हणून पेढे वाटणारी दुसरी जागा धुळ्यात तरी नसेल.

तेच हितेंद्र सर गेल्या आठवड्यात सांगून गेले. प्रकल्प तीन वर्षांचाच होता. आता हेच काम दुसऱ्या जिल्ह्यात. तिथली बाळं याहून वाईट स्थितीत आहेत. माणूस वाईट नव्हता. सांगताना चहा तसाच ठेवून गार केला त्याने.

"तिथे घ्या ना मांड्या, सर. इथली एक राहू द्या," भिकुबाई म्हणाली. "माले पगार नको. मी अशीच येईन रोज."

हितेंद्र सरांनी किरण मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "नेमणूक नसलेल्या माणसाला बाळांना हात लावू देता येत नाही. उद्या काही झालं तर? तुमच्यावर विश्वास आहे हो, भिकुबाई. पण नियमाला विश्वास कळत नाही."

म्हणजे आता ते बेचाळीस दिवस उलटे चालायचे होते.

पहिल्या दिवशी समी पाळण्यात रडली. बाटली ढकलून दिली. दुसऱ्या वेळी ढकलली, तिसऱ्या वेळी ढकलली. संध्याकाळी भिकुबाईनेच हार मानली आणि उचललं. समीने बाटली रिकामी करून तिच्या पदराला नाक पुसलं.

"अशी मोडत नाही सवय," सितारा म्हणाली. तिने पुढ्यात दोन बाळं घेतली होती, तिसऱ्याचा पाळणा पायाने हलवत होती. "मोडायची तर सरळ मोड. नाही तर राहू दे. अर्धं अर्धं करू नको."

"तू घेशी ना तिले? एक वेळ तरी?"

"घेईन ना. कबूल." मग सिताराने पायाने पाळण्याला पुन्हा झोका दिला. "झूट कशाला बोलू, अक्का. पोरं चौदा शेत. मांडी एकच शे मन्ही."

अंगावरचं दूध तोडताना बायका छातीला कडुनिंबाचा पाला वाटून लावतात. भिकुबाईने तीन पोरांना तसंच तोडलं होतं. मांडीला काय लावणार? तिने रात्रभर विचार केला आणि सकाळी तिचं नेसून विटलेलं लुगडं फाडलं. न धुतलेलं. त्याची खोळ शिवली, उखर्डूकडून आलेला कापूस भरला, आणि कोपरातून वाकवलेल्या हातासारखी लांबट उशी केली. पाळण्यात समीच्या कुशीला ती लावली आणि तिच्यावर बाटली टेकवली. स्वतः पाळण्यामागे खाली बसली, दिसू नये म्हणून.

समी रडली. मग हुंगलं. मग बाटली तोंडात घेतली.

"पी वं माय, पी," भिकुबाई तोंडातल्या तोंडात म्हणाली, आणि लगेच गप्प झाली. आवाजही तोडायचा होता.

आठवडाभरात जमलं. समी उशीचं टोक धरून प्यायची. किरण मॅडमना इतकं बरं वाटलं की त्यांनी अजून तेरा उश्या शिवायला सांगितल्या. भिकुबाईने शिवल्या. आपण काय शिवतोय हे हाताला कळू न देता शिवल्या.

शनिवारी कपडे औषधाच्या पाण्यात उकळून काढतात. भिकुबाईने उशी लपवली होती, पण ती सापडली. परत आली तेव्हा तिला दवाखान्याचा वास होता. भिकुबाईला वाटलं, आता पोरगी ओरडेल. तिने बाटली टेकवली आणि वाट पाहिली. समी प्यायली. पहिल्यासारखीच प्यायली.

म्हणजे वासही लागत नव्हता.

सत्ताविसाव्या तारखेपासून समी उशीचं टोकही धरेनाशी झाली. भिकुबाई पाळण्याजवळून गेली तर डोळे तिच्यावरून पंख्याकडे जायचे. वजन भरलं होतं. मॅडमनी वहीत लिहिलं, 'बाळ शांत. दूध व्यवस्थित.' दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

शेवटच्या दिवशी हितेंद्र सर नारळ आणि साड्या घेऊन आले. भाषण केलं, त्यात मध्येच अडखळले. मग म्हणाले, "मावशी, एक फोटो घेऊ. समायराला मांडीवर घ्या ना."

सगळ्यांनी जागा केली. भिकुबाई उठली, पाळण्यापर्यंत गेली. हात पुढे केले नाहीत.

"नको, सर. जमलंय आता तिला. परत घेतली तर परत पहिल्यापासून. कोण मोडणार मग?"

"एक मिनिटाचाच फोटो."

"तिले मिनिट कळत नही, सर."

फोटो रेयांशला घेऊन काढला. सितारा गेटपर्यंत आली. काही तरी चिडवायचं म्हणून तोंड उघडलं तिने, पण तेवढ्यात आत तेजस ओरडला आणि ती धावली.

धुळ्याच्या बस स्टँडवर चाळीसगावची गाडी लागलेली होती. भिकुबाई खिडकीशी बसली. मागून एक तरणी बाई चढली. काखेत वर्षाची मुलगी, दोन्ही हातांत पिशव्या. तिने विचारलंही नाही. मुलगी सरळ भिकुबाईच्या मांडीवर ठेवली.

"धरा बरं जराशी मावशी, पिशव्या वर टाकते."

मुलीने वर पाहिलं. ओळखीचं काहीच दिसलं नाही. तिने तोंड वासलं आणि अख्खी गाडी वळून पाहील असा सूर लावला. आईकडे हात, भिकुबाईच्या पोटात लाथा.

"अगं, मावशी आहेत त्या! कशी शे बघा, कोणाकडे म्हणून राहत नाही," बाई ओशाळून म्हणाली. "फार वाईट सवय लागली शे हिला."

"रडू दे वं माय," भिकुबाई म्हणाली. "चांगली रडस."

तिने मुलीला दोन्ही हातांनी उचलून आईकडे दिलं. खांद्याला लागताच मुलगी गप्प झाली. कंडक्टर आला. भिकुबाईने एक चाळीसगाव घेतलं. गाडी हलली तेव्हा पायाशी ठेवलेली आपली पिशवी तिने उचलली, मांडीवर घेतली आणि दोन्ही हात तिच्याभोवती टाकून बसली.