फिर्मँची झेप

"कडा सुटायला लागल्या की उलट. त्याच्या आधी हात लावलास तर धिरडं चिकटेल, आणि चिकटलेलं तुझं तूच खायचंस," असं म्हणत ओदिलने आपला एप्रन काढला आणि माझ्या गळ्यात अडकवला.

"एवढं कळतं मला."

"तुला काय कळतं ते मला माहीत आहे, गिल्दास. सॉसेजला टोचे मारू नकोस."

एवढं बोलून ती खुर्चीकडे निघाली. ती खुर्ची आम्ही मैदानाच्या कडेला, मधल्या रेषेपाशी मांडून ठेवली होती. तिच्या गळ्यात नवऱ्याचा, फिर्मँचा, निळा मफलर होता. चार पावलं गेल्यावर ती थांबली, तव्याकडे वळून बघितलं, आणि मग मन घट्ट करून पुढे गेली.

मी केर्गोएल फुटबॉल क्लबचा अध्यक्ष. आमच्याकडे अध्यक्ष म्हणजे जाळी शिवणारा आणि शिव्या खाणारा माणूस, त्यामुळे तव्यासमोर उभं राहण्यात कमीपणा नव्हता. आमच्या मैदानावरचा तो शेवटचा सामना होता आणि ओदिल तांगीने तो बघायचाच, असं सगळ्या गावाने ठरवलं होतं. कारण लग्न होऊन आल्यापासून ती दर रविवारी या टपरीत धिरडी भाजत आली होती आणि तिने या मैदानावरचा एकही सामना पाहिलेला नव्हता.

त्याला कारण आमचे जुने पाद्रीबाबा. केर्गोएलचा क्लब त्यांनी काढला. त्यावर लांदूरच्या शाळामास्तरांनी त्यांच्या नाकावर टिच्चून दुसरा काढला, आणि तेव्हापासून दोन्ही गावांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. टपरीसाठी पाद्रीबाबांनी चर्चच्या पडक्या भिंतीचे दगड दिले, पण अट घातली की खिडकी त्यांच्या घराकडे तोंड करून हवी. प्रार्थना चुकवून सायडर कोण ढोसतंय, ते त्यांना घरबसल्या दिसायला हवं होतं. अशी मैदानाकडे पाठ करून टपरी उभी राहिली. पाद्रीबाबा गेले, त्यांच्यामागून आलेलेही गेले, आता तर पाद्री महिन्यातून एकदा शेजारच्या गावाहून येतो. खिडकी तिथेच राहिली. दर वर्षी आम्ही म्हणायचो, पुढच्या वर्षी फिरवू.

ओदिलचा नवरा फिर्मँ आमचा गोलकीपर. तिने सामना पाहिलेला नसे, म्हणून रविवारी संध्याकाळी सूप पिता पिता तो तिला सगळा सामना सांगायचा. आणि एक सामना तर तो आयुष्यभर सांगत राहिला. किनाऱ्यावरच्या मोठ्या शहराचा पगारी संघ चषकाच्या सामन्यासाठी आमच्या चिखलात आला होता. आम्ही एका गोलने पुढे, आणि शेवटच्या मिनिटाला त्यांना पेनल्टी मिळाली. गोल झाला नाही. आम्ही जिंकलो. त्या दिवशी गावातली कुत्रीसुद्धा सायडर प्यायली असतील.

"अडवली गं," असं त्याने या खिडकीशी येऊन ओदिलचा हात धरून सांगितलं. मी शेजारीच उभा होतो. मी त्या संघात डावा बचावपटू होतो, आणि पेनल्टी माझ्या डोळ्यांदेखत मारली गेली होती. चेंडू उजव्या खांबाला लागून बाहेर गेला होता. फिर्मँ तेव्हा डावीकडे तोंडात चिखल घेऊन पडला होता. हे मी पाहिलं, गावाने पाहिलं. पण त्याचा तो चेहरा बघून कोणाच्याही तोंडून खांबाचं नाव निघालं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढे ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, तेसुद्धा ओदिलसमोर तो विषय सांभाळून बोलायला शिकले. फिर्मँ गेला तेव्हा चर्चमध्ये वेदीवरूनही ती अडवलेली पेनल्टी सांगितली गेली, आणि सगळं गाव माना खाली घालून बसलं.

आता दोन्ही गावांत मिळून अकरा पोरं जमवायची मारामार. म्हणून क्लब एक होणार होते. दोन गावांच्या मधल्या रस्त्यावर नवं मैदान झालं होतं, आणि नव्या इमारतीच्या भिंतीवर दोन्ही क्लबांचा इतिहास रंगवायचा होता. आमच्या बाजूने मी लिहून दिलं होतं, 'फिर्मँ तांगीने पेनल्टी अडवली.' लांदूरचा अध्यक्ष फान्श याने त्यावर बोट ठेवलं. फान्श खाटीक आहे. आमच्या टपरीतली सॉसेजं त्याच्याच दुकानातली, पण मैत्री तेवढ्यापुरतीच. रंगारी दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता.

लांदूरविरुद्धचा सामना सुरू झाला आणि फान्श खिडकीशी येऊन उभा राहिला.

"हे काय भाजतोयस? चपलेचा तळ?"

"खायचं तर खा, नाही तर रांगेतून हो बाजूला."

"त्या ओळीचं काय करायचं?"

"राहू दे ना रे ती. तुझं काय जातंय?"

"भिंत माझीपण आहे. मी त्या दिवशी गोलच्या मागे उभा होतो, तिकीट काढून. खांबाने अडवलं. तुमचा तो बाब्या असेल, पण म्हणून खांबाला पुसून टाकायचं? मी ओदिल मादामनाच सांगतो सरळ. आज ना उद्या कळायचंच."

"फान्श, तुझ्या पाया पडतो. म्हातारीकडे आता तेवढंच उरलंय."

माझ्या हातचं जळकं धिरडं घेऊन तो मैदानाच्या बाजूला, ओदिलच्या खुर्चीकडे गेला. एप्रन टाकून मागे धावावं तर समोर रांग, तव्यावर चार धिरडी, आणि रांगेतली माणसं सगळी लांदूरची.

मग मी तिच्यासारखाच ऐकत राहिलो. पाठीमागे आरडाओरडा झाला की काय झालं ते कळेना. गोल की फ्रीकिक, आपला की त्यांचा? तिने उभा जन्म इथे काढला आणि मला अर्धा तासही काढवेना. उत्तरार्धात बरंच उशिरा शिट्टी लांब वाजली. रांगेतला एक जण वळून ओरडला, "पेनल्टी, आम्हाला." रांग एका क्षणात रिकामी झाली. मी एकटा, हातात उलथनं.

मैदान गप्प झालं. धपकन लाथ बसली, आणि मग ठण्ण असा आवाज आला. मग लोकांनी आधी श्वास सोडला आणि नंतर ओरडले.

आणि त्या ओरड्यात मला हसू ऐकू आलं. ओदिलचं.

ती टपरीला वळसा घालून आली, डोळे पुसत. मागून फान्श.

"जाळलंस ना? तिकडे वास येत होता," ती म्हणाली. मग खिडकीच्या फळीवर हात टेकून उभी राहिली. "खांब. ऐकलास? आताचे हे धातूचे, पातळ वाजतात. आपले तेव्हाचे लाकडी होते, त्यांचा आवाज जाड होता."

मी फान्शकडे बघितलं. फान्शने मान हलवली. त्याने काही सांगितलं नव्हतं.

"तेव्हाचे म्हणजे कधीचे?" मी विचारलं.

"अरे, चेंडू हातात आला की थप्प वाजतं आणि माणसं लगेच ओरडतात. खांबाला लागला की आधी श्वास सोडतात. त्या दिवशी तुम्ही सगळ्यांनी श्वास सोडला होता. मी इथेच होते, मला काय ऐकू येत नव्हतं?"

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?" फान्श म्हणाला.

"मग काय. पण तो आला तो असा आनंदात... मी कशाला मध्ये येऊ? पुढे तर दर वर्षी थोडी उंच उडी मारायला लागला. शेवटच्या आजारात कुशीवर वळता येत नव्हतं, पण पेनल्टी अडवायचा. मला आवडायचं ते ऐकायला." ती थोडं थांबली. "आणि तुम्ही सगळे माझ्यासमोर खांबाचं नाव काढत नव्हता, तेही मला आवडायचं."

फान्शने टोपी काढली, परत घातली.

"मादाम," तो म्हणाला, "उद्या रंगारी येतोय. 'अडवली' असंच राहू दे. मी तोंड उघडणार नाही."

"नको. घरात सांगितलं तर चालतं, भिंतीवर खोटं लिहू नये. लांदूरची पोरंपण ती भिंत वाचणार." तिने मफलर सारखा केला. "लिहा, फिर्मँ तांगीने झेप घेतली. तेवढी तर घेतलीच असेल ना त्याने?"

"घेतली," मी म्हणालो. "सगळ्या गावाने पाहिली."

"मग झालं." ती आत यायला निघाली आणि दारात थबकली. "आत्ता आपल्या गोलमधला तो पोरगा भलत्याच बाजूला पडला. मी पहिल्यांदाच बघितलं असं. तेव्हापासून मनात येतंय. आवाजावरून सगळं कळतं, पण ते कळत नाही. फिर्मँ कुठल्या बाजूला गेला होता रे?"

मी तव्याकडे बघत राहिलो. मला खोटं बोलता येतं, पण तिच्यासमोर वेळेवर येत नाही.

"उजवीकडे," फान्श म्हणाला. "बरोब्बर चेंडूच्या बाजूला. मी गोलच्या मागेच होतो. बोटभर कमी पडला, मादाम. फक्त बोटभर."

ओदिल त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. फान्शने नजर हलवली नाही. खाटीक माणूस, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मग ती आत आली, माझ्या गळ्यातला एप्रन काढून आपल्या कमरेला बांधला आणि काळी पडलेली धिरडी खरवडून टाकली. मागे मैदानावर खेळ अजून चालू होता. मी म्हटलं, थोडाच वेळ उरलाय, बघून घ्या. तिने मान हलवली आणि डावभर पीठ तव्यावर पसरलं. कडा सुटेपर्यंत थांबली, उलटलं, मधोमध सॉसेज ठेवलं, आणि क्षणभर विचार करून त्याच्या शेजारी दुसरं ठेवलं. गुंडाळी करून तिने ती फान्शच्या हातात दिली.

"खा," ती म्हणाली. "गरम आहे तोवर."