किनूचा वाडगा

मित्रांनो, मी एक जुना भाताचा वाडगा. काठाला टवका उडालाय, म्हणून कपाटात मागच्या फळीवर पडून असतो. पण एके काळी मी किनूचा होतो. मला घडवलं तिच्या आजोबांनी, तोकुझो कुंभारांनी. जपानातल्या क्युशू बेटावरच्या आमच्या खोऱ्यात घरटी एक भट्टी, पण म्हाताऱ्यासारखा हात कुणाचा नाही. माणसाचा पंजा नुसता बघून वाडग्याचं माप सांगायचा.

किनू तीन वर्षांची झाली तेव्हा मला चाकावर चढवलं. बुडाखाली तिची चार बोटं बसावीत, अंगठा काठावर टेकावा, असं बेतून. भट्टीतनं निघालो तर मला उन्हात धरून म्हणाला, "अगदी पोरीच्या हातातला झालाय!" काय फुगलो होतो मी!

आमच्याकडे वाडगा डाव्या तळहातावर उचलून, उजव्या हातातल्या काड्यांनी जेवतात. पण किनू मला बुडाखालनं धरायचीच नाही. वरनं काठाला चिमटीत पकडायची, नाहीतर बुटक्या मेजावर तसाच ठेवून तोंड खाली घालायची.

"कुत्री का गं तू?" म्हातारा ओरडायचा. "वाडगा तोंडाकडे आणायचा! तोंड वाडग्याकडे नाही न्यायचं!"

"येत नाही, आजोबा."

"येत नाही म्हणजे? हात काय लाकडाचा आहे?"

किनूची आई, म्हाताऱ्याची सून हारुए, हळूच म्हणायची, "मामंजी, लहान आहे ती."

"लहान? सहा वर्षांची घोडी झाली! कुंभाराची नात वाडगा उचलत नाही. लोक काय माझ्या तोंडाकडे बघून हसतील?"

नव्या वर्षाला पाहुणे जमले. किनूने मला मेजावर ठेवून मान वाकवली. एक मावशी खुदकन हसली. झालं! म्हाताऱ्याने पोरीचं मनगट धरलं अन् तळहात वर करायला पिरगाळलं. पोर अशी किंचाळली की काय सांगू. मी खाली पडलो. टवका उडाला तो तेव्हाच.

"नीट धरता येईल तेव्हा इकडे यायचं," म्हातारा म्हणाला. "तोवर स्वयंपाकघरात जेव."

दोन वर्षं ती पोर चुलीशेजारी एकटी जेवली. पलीकडून सगळ्यांचं हसणं ऐकू यायचं. तेवढ्यापुरती ती चावायची थांबायची. माझ्या बुडाला तिची बोटं रोज लागायची. खूप रेटून बघायची ती. कोपराखाली काहीतरी घट्ट अडलेलं असायचं, ते मला कळायचं.

मग शाळेत तपासणीला डॉक्टर आले. सगळ्या पोरांना म्हणाले, तळहात वर करा. किनूने अख्खा खांदा वाकडा केला, तरी डावा तळहात जमिनीकडेच. शहरात नेऊन हाताच्या हाडांचा फोटो काढला. संध्याकाळी हारुए घरी आली, पायताण काढून तिथेच उंबऱ्यात बसली.

"मामंजी, तिच्या कोपराखालची दोन हाडं जन्मापासून एकमेकांना चिकटलेली आहेत. तळहात वर होणारच नाही. कापून सुटी केली तरी बहुतेक परत जुळतील, म्हणाले."

म्हातारा म्हणाला, "मग पोर बोलली का नाही?"

"बोलत होती की. 'येत नाही' म्हणत होती."

दुसऱ्या दिवशी त्याने हाक मारली, "किनू, ये गं, माझ्याशेजारी बस."

"नको आजोबा, मला इथेच बरं वाटतं."

तेव्हा म्हातारा स्वतःचा वाडगा घेऊन आत आला. तिच्यापुढे मांडी घातली, वाडगा जमिनीवर ठेवला अन् मान खाली घालून जेवायला लागला. मिशीला भात चिकटला. किनू बघत राहिली.

"आजोबा, तुम्ही धरा ना हातात," ती म्हणाली. "तुम्हाला येतं."

म्हाताऱ्याने वाडगा काही उचलला नाही, तसाच वाकून जेवत राहिला.

पुढे मरेपर्यंत तो तिथेच, तिच्यासमोर जेवला. पण पोर काही सगळ्यांच्या मेजाकडे परत गेली नाही.

मित्रांनो, एखादं लेकरू 'येत नाही' म्हणालं ना, तर खेकसू नका. "कुठे अडतंय, दाखव बरं," एवढं विचारा. त्या घरात हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही. पण मी पडलो मातीचा. तुम्हाला तर जीभ आहे.